जहाज बंदराला लागतं का?

८ जून २०२५, रविवार

वार्षिक समारंभ ऑगस्टात आहे आणि कार्यकारिणीने एक काम माझ्या गळ्यात घातलं आहे. समुद्राच्या पुस्तकांवरचे वाचकांचे अभिप्राय निवडायचे, ते समारंभात वाचून दाखवणार. गेल्या वर्षी जामबागेतल्या एका डॉक्टरांच्या मुलांनी वडिलांची पुस्तकं वाचनालयाला दिली. एकेचाळीस पुस्तकं, सगळी जहाजांची, वादळांची आणि बंदरांची. डॉक्टरांनी स्वतः हुसेनसागरापलीकडे पाणी पाहिलं नसावं. ही पुस्तकं कपाटात धूळ खात पडणार असं मी मीटिंगमध्ये म्हणालो होतो, तसं इतिवृत्तातही आहे. वर्षभरात दोनशे सहा चिठ्ठ्या जमल्या.

चिठ्ठी हा आमच्याकडचा जुना नियम. पुस्तक परत करताना दोन-चार ओळी अभिप्राय लिहून द्यायचा, तरच पुढचं पुस्तक. लोक कुरकुरतात, पण लिहितात. कोर्टात अठ्ठावीस वर्षं शिरस्तेदारी केलेला माझ्यासारखा माणूस चिटणीस असताना नियम ढिला पडायचा नाही.

आज पन्नासेक वाचल्या. एका बाईंनी लिहिलंय, 'लाटांचे वर्णन फार, पण एवढी माणसे तीन महिने जेवतात काय ते नीट सांगितलेले नाही.' एका वकिलांना कप्तानावर खटला भरावासा वाटला, कलमंही दिली आहेत. एकाने लिहिलं, 'वाचताना मळमळले, दोन दिवस लिंबू घेतले.' मी एकटाच हसत बसलो होतो.

मग अंबाजीरावांच्या चिठ्ठ्या आल्या. अकरा. 'पान ११२ पर्यंत वाचले. समाधान वाटले.' 'पान ६८ पर्यंत वाचले. समाधान वाटले.' सगळ्या अशाच. या माणसाने शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं, मुलांना उदाहरण अर्धं सोडलं म्हणून उठाबशा काढायला लावल्या, आणि स्वतः एक पुस्तक पुरं करत नाही. शिवाय दर वेळी काउंटरवर तोच प्रश्न, "एकनाथराव, यात जहाज बंदराला लागतं का?" मी म्हणतो, "लागतं." मागे रांग असते, काय करणार.

त्यांचा मुलगा प्रशांत मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. सात वर्षांपूर्वी ते जहाज वादळात गेलं, ना जहाज सापडलं ना माणसं. अशा माणसाने समुद्राची पुस्तकं हातात तरी का घ्यावीत, मला कळत नाही. मी असतो तर त्या कपाटाकडे पाठ करून बसलो असतो.

१२ जून, गुरुवार

इथे एक कबुली लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. सगळे समजतात की वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक माझ्या नजरेखालून गेलंय. तसं नाही. वाचायची ती अलका, माझी बायको. रात्री जेवताना मला गोष्ट सांगायची, कोण कसं वागलं, शेवट काय झाला, तिचं काय मत. मी तेच दुसऱ्या दिवशी काउंटरवर सांगायचो. तिला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर आलेल्या पुस्तकांबद्दल मी अंदाजाने बोलतो. अजून कुणी पकडलं नाही.

१५ जून, रविवार

वृषाली आली होती, अंबाजीरावांची सून, प्रशांतची बायको. कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. पुस्तकासाठी आली नव्हती. लोक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली.

मग म्हणाली, "काका, या महिन्यात सात वर्षं पुरी झाली. कोर्टात अर्ज करता येतो ना आता?"

म्हटलं, येतो. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मेला असं कोर्टाला धरता येतं. पण ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांनी शपथेवर सांगावं लागतं, की काही ऐकलं नाही. म्हणजे तू आणि त्याचे वडील.

"मामंजी सही नाही करणार."

मी विचारलं, एवढ्या वर्षांनी आता कशाला? माझी चूकच झाली, असं विचारायला नको होतं. तिचे डोळे भरून आले. दवाखान्यातल्याच हर्षदने तिला मागणी घातली आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. मी म्हटलं, याच कारणावर घटस्फोटही मिळतो, त्याला मामंजींची सही नको.

"नक्को काका. घटस्फोट म्हणजे मी प्रशांतला सोडलं असं होईल. मी सोडलं नाही ना हो त्याला. आणि मामंजींच्या पाठीमागे तर काहीच करायचं नाही मला. त्यांनी नाही म्हटलं तर नाही."

अडतीस वर्षांची आहे. एकतिसाव्या वर्षापासून ती त्या म्हाताऱ्याचा चहा, गोळ्या, रक्तदाब बघतेय. त्यांनी सही केली की मुलगाही गेला आणि सूनही गेली, हे त्यांना कळत नसेल का? मी तिला वचन दिलं की समजावून बघतो. कोर्टात एवढ्या लोकांना समजावलं, एक मास्तर काय अवघड आहे.

२२ जून, रविवार

अंबाजीराव आले. गर्दी होती, पंख्याचा आवाज चालू होता, एक आजोबा मासिकावरून माझ्याशी भांडत होते. अंबाजीरावांनी निळ्या कापडी बांधणीचं जाड पुस्तक पुढे केलं.

"यात लागतं का?"

मी कव्हरही नीट पाहिलं नाही. "लागतं, लागतं."

"नक्की ना?"

"हौ, अंबाजीराव. मी वाचलंय."

त्यांनी रजिस्टरात सही केली, पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीचे बंद दोनदा ओढून बघितले आणि गेले. वृषालीचा विषय काढायचा राहूनच गेला.

२९ जून, रविवार

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वृषाली मुद्दाम बाहेर गेली होती. मी तयारीने गेलो होतो, कायद्याचं कलम पाठ करून. बोलत राहिलो. ते ऐकून घेत होते. मला वाटलं चांगलं चाललंय.

शेवटी म्हणाले, "एकनाथराव, मी काही ऐकलं नाही, हे खरं. पण ऐकलं नाही म्हणजे तो नाही, हे कोणत्या सिद्धान्ताने?"

"कायद्याने."

"कायदा तुमचा. आम्हाला सिद्धता लागते."

मी म्हटलं, वृषालीचा विचार करा. त्यावर ते उठले आणि खिडकी लावून आले. खिडकी लावण्याजोगं बाहेर काही नव्हतं. मग म्हणाले, "परवा त्याचा वाढदिवस. पुरण करायला सांगितलंय. तुम्ही या जेवायला." मी येतो म्हटलं, पण जाणार नाही. हरवलेल्या माणसाच्या वाढदिवसाचं पुरण माझ्या घशाखाली उतरायचं नाही.

निघताना पाहिलं, निळं पुस्तक टेबलावर होतं, खूण फार पुढे नव्हती. हळू वाचतायत. डोळ्यांचा त्रास असणार, वृषालीला सांगायला हवं.

१३ जुलै, रविवार

आज केतकी आली. पुण्याची मुलगी, हायटेक सिटीत नोकरी करते, चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायला मदत करतेय. मराठी अडखळत वाचते, जोडाक्षर आलं की थांबते, पण मनापासून करते. दुपारी एकदम म्हणाली, "काका, हे अंबाजी अंकल आहेत ना, त्यांच्या पेज नंबर्समध्ये एक पॅटर्न आहे."

म्हटलं, कसला पॅटर्न, अर्धवट वाचायची खोड आहे.

"नाही काका, मी सहज चेक केलं. एकशे बारा काढलं, तिथे शिप हार्बरला येतं. मग अडुसष्ट काढलं, तिथेही. मग मी सगळी अकरा बघितली. प्रत्येक वेळी शिप पोचलं, सगळे उतरले, की ते तिथे बुक बंद करतात. पुढे ते परत समुद्रात जातात ना, ते वाचतच नाहीत."

अकराही पुस्तकं तिने टेबलावर मांडून ठेवली होती, प्रत्येकात कागदाचा तुकडा. मी एकेक उघडून पाहिलं. खलाशी धक्क्यावर उतरतात. कुणाची तरी आई धावत येते. कुणी भाजीचा बाजार बघून रडतो. आणि इथे अंबाजीरावांनी पुस्तक मिटलं होतं आणि लिहिलं होतं, समाधान वाटले.

वर्षभर तो माणूस माझ्यासमोर उभा राहून विचारत होता आणि मी त्याला खोड म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली. केतकी रडत होती, तिला पाणी दिलं.

मग निळं पुस्तक आठवलं आणि मी फाईल ओढली. ते आधी दोघांनी नेलं होतं, त्यांच्या चिठ्ठ्या फायलीत होत्या, दोन्हींवर माझी सही. एक म्हणते, 'भाषा सुंदर.' दुसरी म्हणते, 'पहिल्या सत्तर पानांत जहाज बुडते. एकही माणूस परतत नाही. उरलेले पुस्तक किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांचे आहे. शेवट सहन होत नाही.'

मी ही चिठ्ठी न वाचता सही करून लावली होती.

१४ जुलै, सोमवार

सकाळीच गेलो. काल बोनालूच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा मिळाली नाही, हे खरं, पण चालत जाता आलं असतं. काल मी गेलो नाही, कारण मला भीती वाटली.

अंबाजीराव चष्मा लावून वाचत बसले होते. खूण आता शेवटाकडे होती. मी पुस्तकाकडे बघतोय हे त्यांनी बघितलं.

"अजून लागलं नाही," ते म्हणाले. "चाळीस पानं राहिली. तुम्ही म्हणालात लागतं."

तोंडाशी आलं होतं की अंबाजीराव, मी खोटं बोललो, ते पुस्तक मी वाचलेलं नाही. आलं होतं, खरंच. पण बोललो काय? "दुसऱ्या एका सभासदाची मागणी आहे, पुस्तक परत हवं होतं."

"मुदत रविवारपर्यंत आहे," ते म्हणाले. मास्तर आहेत, तारखा चुकत नाहीत. "खामखा परेशान होऊ नका. वाचून देतो."

वृषालीने चहा आणला. मी अर्धाच प्यायलो आणि उठलो. जिना उतरताना मला अलकाची इतकी आठवण आली की मधल्या पायरीवर बसलो. तिने एका वाक्यात सांगितलं असतं, हे नका देऊ त्यांना.

१८ जुलै, शुक्रवार

पुस्तक आलं. वृषालीने दिलं. चिठ्ठी आत होती. 'पुस्तक पूर्ण वाचले.' एवढंच.

तिला विचारलं, कसे आहेत? म्हणाली, "दोन दिवस जेवले नाहीत नीट. काय झालं विचारलं तर म्हणतात काही नाही. काका, तुम्ही सोमवारी पुन्हा काही बोललात का त्यांना? सहीचं?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण खरं बोलल्यासारखं वाटलं नाही.

रात्री पुस्तक घेऊन बसलो आणि पहाटेपर्यंत वाचलं. कितीतरी वर्षांनी एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझा अभिप्राय मला लिहिता येत नाही.

२७ जुलै, रविवार

आज अंबाजीराव आले. गेल्या रविवारी बोनालूमुळे वाचनालय बंद होतं. काउंटरवर न येता ते कपाटाशेजारच्या खुर्चीत बसले, सगळे जाईपर्यंत. दाढी वाढलेली होती. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

मी जाऊन समोर बसलो आणि बोलून टाकलं. "ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. खोटं बोललो तुमच्याशी. बाकीच्या अकरा वेळीही अंदाजानेच बोललो."

"मला सत्तराव्या पानावर कळलं ते," म्हणाले.

"मग मिटलं का नाहीत?"

ते बोलायला लागले, वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तसं, पायरी पायरीने.

"जहाज बुडालं, ते मी वाचलं. म्हणजे मला ठाऊक झालं. पण किनाऱ्यावरच्या त्या बाईला ठाऊक नाही. ती भात लावते, नवऱ्याचा आणि आपला. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला भात कोंबड्यांना घालते. पाच वर्षं. लेखकाने पानंच्या पानं तेच लिहिलंय. मला तिचा राग यायला लागला, एकनाथराव. वाटलं, अगं बाई, मेला तो, तू जेव. मोठ्याने म्हणालोसुद्धा. वृषाली आतून आली, म्हणाली, मामंजी, मला म्हणालात का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मी 'नाही' म्हटलं. ती आत गेली. मग मला दिसलं की त्या गोष्टीत एक सासराही आहे. तोच तिला रोज विचारतो, भात दोघांचा लावलास ना? ती विसरायला बघते, हा विसरू देत नाही. मी सात वर्षं तिला पुरण करायला लावतो वाढदिवसाला. एकदाही नाही म्हणाली नाही. पोळ्या उरतात. दुसऱ्या दिवशी ती त्या डब्यात घालून दवाखान्यात नेते. मला वाटायचं तिला आवडतात."

मला रडू आवरलं नाही. म्हातारा माणूस रडताना चांगला दिसत नाही, पण तिथे तिसरं कुणी नव्हतं. ते रडले नाहीत.

"शपथेचा हलफनामा तयार करा," म्हणाले. "मराठीत सांगा मला काय काय लिहिणार. मग इंग्रजीत करा."

मी विचारलं, तुमची खात्री झाली का?

"प्रशांतबद्दल? नाही. ती होणार नाही." उठता उठता म्हणाले, "पण वृषालीबद्दल झाली."

२ ऑगस्ट, शनिवार

वृषालीला सांगितलं तेव्हा ती आधी मानेनाच. मग म्हणाली, "तुम्ही जबरदस्ती केलीत का त्यांच्यावर?" मी म्हटलं, नाही, एका पुस्तकाने केली. ती समजली नाही, मीही जास्त सांगितलं नाही. ती घरी जाऊन त्यांच्याशी भांडली म्हणे, की मला नको आहे काही, मी आहे तशी बरी आहे. त्यांनी तिला म्हटलं, "तू बरी नाहीस. मला दिसतंय." दोघं जेवली नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिने हर्षदचं त्यांना स्वतः सांगितलं आणि ती सहीला तयार झाली.

समारंभाची निवड केतकीनेच केली. अंबाजीरावांच्या चिठ्ठ्या तिने त्यात घेतल्या नाहीत, मीही विचारलं नाही. लिंबूवाले आहेत, वकीलसाहेब आहेत. लोक हसतील. हसू देत.

४ ऑगस्ट, सोमवार

नामपल्लीला नोटरीकडे गेलो, मी आणि अंबाजीराव. वृषालीचा हलफनामा उद्या, ती एकत्र यायला तयार नव्हती. अंबाजीरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दाढी केली होती. निवडणुकीच्या दिवशी ते असे तयार होऊन येतात.

नोटरीने इंग्रजीत भराभर वाचलं. अंबाजीराव म्हणाले, "साब, जरा आहिस्ता." त्याने पुन्हा वाचलं. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेलो. की मी प्रशांतचा बाप आहे. की तो जिवंत असता तर त्याने मला कळवलं असतं. इथे त्यांनी मला थांबवलं.

"हे वाक्य पुन्हा सांगा."

"तो जिवंत असता तर त्याने मला कळवलं असतं."

"हौ," ते म्हणाले. "कळवलं असतं. प्रत्येक बंदरातून फोन करायचा. पैसे नसले तर मिस्ड कॉल द्यायचा. लिहा, बरोबर आहे."

मग सही केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशी, सावकाश, खाली रेघ मारून. नोटरीने शिक्का मारला. बाहेर येऊन ते भिंतीला हात लावून उभे राहिले. मी पाणी आणलं, प्यायले नाहीत. मी म्हटलं रडा, मोकळे व्हा. म्हणाले, इथे नको, रस्ता आहे.

रिक्षात बसलो. कोठीपर्यंत ते बाहेर बघत होते. ड्रायव्हर फोनवर तेलुगूत कुणाशी तरी भांडत होता. सिग्नलला थांबल्यावर अंबाजीराव माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वृषालीला वडील नाहीत. भाऊही नाही."

"हो."

"मंडपात तिच्या बाजूने कुणी उभं राहायला पाहिजे. कन्यादान मी करीन म्हणतो. पण मी एकटा. प्रशांतची आई असती तर." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग विचारलं, "एकट्या माणसाला करता येतं का हो कन्यादान? आणि सासऱ्याला? चालतं का शास्त्रात?"

सवयीने 'येतं की' तोंडाशी आलं होतं. त्यांनी हातातली कागदांची पिशवी छातीशी धरली होती आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"मला माहीत नाही, अंबाजीराव," मी म्हणालो. "विचारून सांगतो."